बॅग नीट तपासा

माझ्या सासूबाईंनी एकतीस वर्षं गोळ्या तपासल्या आणि एकही झाडली नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्या तपासणी विभागात होत्या. समोरून काडतुसं सरकत यायची. कुठलं वाकडं आहे, कुठल्याचं टोक नीट बसलेलं नाही, कुठल्यावर चरा आहे, ते बघायचं आणि खोटं निघेल ते बाजूला काढायचं. "पास करायचं काम आमचं, उडवायचं दुसऱ्यांचं," असं त्या सांगायच्या. तक्रार म्हणून नाही, कामाची वाटणी सांगावी तसं.

२००६ साली त्या निवृत्त झाल्या. सासरे, कचरू ओव्हाळ, त्याआधीच गेले होते. कारखान्याची क्वार्टर सोडावी लागली तेव्हा समाधानने, माझ्या नवऱ्याने, त्यांना वाघोलीला आमच्या नव्या फ्लॅटवर आणलं. आम्ही दोघं हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला, तो प्रोग्रॅमर आणि मी टेस्टर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "निकिता, तू दिवसभर करतेस काय गं?"

"आई, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते."

"म्हणजे तूही इन्स्पेक्शनलाच," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

पेन्शनच्या कामासाठी त्या एकदा खडकीला गेल्या आणि परत आल्या त्या नेमबाजीच्या क्लासला नाव घालूनच. बाजाराच्या मागे एका हॉलमध्ये इम्तियाज शेख नावाचे निवृत्त फौजी हवेच्या पिस्तुलाची नेमबाजी शिकवायचे. फौजेत ते बंदुका दुरुस्त करायचे. सुती साडीतली साठीची बाई दारात बघून त्यांनी विचारलं होतं, "नातवाला घालायचंय का?"

"नातू नाही. मीच."

"आपण?"

"का? वरच्या वयाची काही मर्यादा लिहिलेली दिसली नाही बाहेर."

आठ महिन्यांत त्यांनी इम्तियाज सरांमार्फत, पेन्शनीतून स्वतःचं पिस्तूल घेतलं. हवेवर चालणारं, परवाना न लागणारं. बाजूची तरफ एकदा ओढून दाबली की हवा भरते, एक छर्रा घालायचा, दहा मीटरवरच्या कागदावर मारायचा. दर रविवारी सकाळी त्या खडकीला जायच्या. त्याची तयारी पहाटे डायनिंग टेबलवर चालायची आणि ती बघण्यासारखी असायची. खडकी बाजारातून घेतलेली हिरवी कॅनव्हासची बॅग उघडी ठेवायची. टेबलावर पंचा अंथरायचा. त्यावर एकेक वस्तू मांडायची, उलटून पालटून बघायची आणि मगच बॅगेत. सपाट तळाचे बूट. डाव्या डोळ्यावर झापड लावलेला चष्मा. छर्र्यांची चपटी डबी. ती उघडून त्या चार-पाच छर्रे बोटांच्या चिमटीत फिरवायच्या, एखादा चेपलेला दिसला की चहाच्या बशीत टाकून द्यायच्या. टार्गेटचे कागद, स्क्रू फिरवायच्या दोन चाव्या, हाताला लावायची पावडर, पाण्याची बाटली, वही. सगळ्यांत शेवटी पिस्तुलाचा काळा डबा.

समाधानला हे सगळं आवडत नव्हतं, पण तो गप्प होता. तो नुकताच टीम लीड झाला होता. सोसायटीत आपल्याबद्दल कुणी काही बोलू नये म्हणून तो फार जपायचा. फ्लॅट घेतला तेव्हा बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो त्याने हॉलमध्ये न लावता आतल्या खोलीत लावला होता. कारण विचारलं तर म्हणाला, "हॉलमध्ये उजेड फार येतो, फोटो फिका पडेल." आईंनी फोटोकडे बघितलं आणि मग खिडकीकडे बघितलं.

तर एका गुरुवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या प्रेमलाताई आमची वाटी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. आई हॉलच्या मधोमध हात लांब करून उभ्या होत्या, भिंतीवर पेन्सिलीने काढलेल्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून. पिस्तूल रिकामं होतं. हात किती वेळ स्थिर राहतो, एवढाच तो सराव. पण प्रेमलाताईंना दिसलं ते एक पिस्तूल आणि ते धरलेली बाई. त्या अशा किंचाळल्या की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. आईंनी हात खाली घेतला, पिस्तूल डब्यात ठेवलं, डबा बंद केला आणि मगच म्हणाल्या, "या ना, बसा. पाणी देऊ?"

प्रेमलाताई बसल्या नाहीत. वाटी मात्र घेऊन गेल्या.

शुक्रवारी लिफ्टजवळच्या फळ्यावर नोटीस लागली. आमचे अध्यक्ष श्रीधर सर निवृत्त प्राचार्य होते आणि नोटीस लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. मजकूर असा होता:

"काही सभासद आपल्या सदनिकेत शस्त्रे बाळगतात असे निदर्शनास आले आहे. ज्यांना शस्त्रे चालवण्याची हौस आहे त्यांच्यासाठी देशाची सीमा मोकळी आहे. रविवारपासून संशयास्पद बॅगा फाटकावर तपासल्या जातील. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी कारणे लेखी द्यावीत, म्हणजे आम्हांस न वाचण्यास सोयीचे होईल."

शनिवारी जेवताना समाधानने विषय काढला.

"आई, थोडे दिवस बंद ठेव ना हे."

"किती दिवस?"

"विषय थंड होईपर्यंत."

"विषय त्यांनी तापवलाय. थंड त्यांनीच करावा."

"तुला कळत नाहीये. इथे आधीच लोक आपल्याकडे…" तो थांबला.

आईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आधीच काय? पूर्ण बोल."

"काही नाही."

"नाही, बोल. आधीच लोक आपल्याकडे कसे बघतात? तू ते रोज ऑफिसला जाताना बरोबर घेऊन जातोस, ते मला दिसतं. एकदा तोंडाने बोल, म्हणजे आपण दोघं मिळून त्याला उत्तर देऊ."

समाधान ताट घेऊन उठला. जेवणं झाल्यावर आई आतल्या खोलीत बातम्या बघत असताना त्याने पिस्तुलाचा काळा डबा उचलला, खाली नेला आणि गाडीच्या डिकीत ठेवला. "मी उद्या स्वतः इम्तियाज सरांना परत देऊन येतो," तो मला म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. मलाही सोमवारी त्याच लिफ्टमधून त्याच लोकांबरोबर खाली जायचं होतं. अजून त्याची लाज वाटते, म्हणून सांगून टाकते.

रविवारी सहा वाजता मी उठले तेव्हा टेबलावर पंचा अंथरलेला होता. बूट बॅगेत गेले होते. आई कपाटापाशी उभ्या होत्या आणि डब्याच्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"समाधान," त्यांनी आवाज चढवला नाही. "डबा कुठाय?"

तो बेडरूमच्या दारात आला. "गाडीत आहे. तो परत द्यायचाय आई. मी ठरवलंय."

"तू ठरवलंयस?"

"हो."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्या परत टेबलाशी आल्या. चष्मा उचलला, काचा पुसल्या, बॅगेत ठेवला. डबी उघडली, छर्रे तपासले, एक बशीत टाकला. टार्गेटचे कागद, चाव्या, पावडर, बाटली, वही. एकही वस्तू त्यांनी घाईने ठेवली नाही. ते बघणं भांडणापेक्षा अवघड होतं. समाधान दारातच उभा होता.

"आता ही बॅग कशाला?" त्याने विचारलं.

"रेंजवर क्लबचं पिस्तूल मिळतं. उजव्या हाताची पकड जरा मोठी आहे, पण चालेल." त्यांनी चेन ओढली. "तू माझा डबा नेलास. रविवार नाही नेता यायचा."

त्या चपला घालून निघाल्या. मी तशीच, घरच्या सलवार-कमीजवर, त्यांच्या मागे गेले. समाधान लिफ्टने न येता जिन्याने उतरला.

फाटकावर श्रीधर सर उभे होतेच, फिरून आल्यावरचे पांढरे बूट आणि हातात घडी केलेला पेपर. शेजारी प्रेमलाताई आणि कमिटीतले आणखी दोघं. वॉचमन सोनबा आपल्या टेबलामागे अवघडून उभा होता.

"ओव्हाळबाई," श्रीधर सर म्हणाले, "नोटीस वाचली असेलच आपण."

"दोनदा वाचली. शुद्धलेखन चांगलं आहे."

"मग बॅग तपासावी लागेल. कृपया गैरसमज नको. हे सुसंस्कृत लोकांचं संकुल आहे."

"म्हणूनच तर इथे घर घेतलं," आई म्हणाल्या. "तपासा. पण नीट तपासा. मी एकतीस वर्षं तपासणी केली आहे. अर्धवट तपासलेलं मला चालत नाही."

श्रीधर सरांनी सोनबाला खूण केली. सोनबा हात चोळत म्हणाला, "सायेब, बाईंच्या सामानाला मी कसा हात लावू? बरं दिसंना ते."

"त्याला नका सांगू, मीच काढते," आई म्हणाल्या. त्यांनी सोनबाच्या टेबलावरचं रजिस्टर बाजूला सरकवलं, बॅगेतून पंचा काढून अंथरला आणि एकेक वस्तू मांडायला लागल्या. वस्तू ठेवायची, तिचं नाव सांगायचं, ती कशासाठी ते सांगायचं. दूधवाला थांबला. पोहायला निघालेली दोन-तीन कुटुंबं थांबली. एक गाडी बाहेर जायला आली होती, तिच्यातला माणूस काच खाली करून बघत बसला.

"हे बूट. तळ सपाट असतो, शरीर हलू नये म्हणून. हा चष्मा. ही झापड डाव्या डोळ्यासाठी, डोळा मिटून धरला तर थकतो. ही डबी." त्यांनी झाकण उघडून ती प्रेमलाताईंसमोर धरली. "घ्या हातात. शिशाचे आहेत, नंतर हात धुवा."

प्रेमलाताईंनी हात मागे घेतले.

सगळं मांडून झालं. बॅग उलटी करून झटकून दाखवली. पिस्तूल नव्हतं. श्रीधर सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, थोडी निराशा आणि बरीच सुटका.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आक्षेपार्ह काही नाही. आपण ते… ते घरातून काढलेलं दिसतं. समंजसपणा केलात. विषय संपला. आवरा."

मला हायसं वाटलं. समाधान माझ्या मागे, पार्किंगच्या खांबाशी उभा होता. त्यालाही वाटलं असणार. आता फक्त बॅग भरायची आणि रिक्षा पकडायची, एवढंच बाकी होतं.

आई हलल्या नाहीत.

"विषय संपला नाही," त्या म्हणाल्या. "या बॅगेत एक वस्तू कमी आहे. तुमची तपासणी अपुरी आहे." आणि मागे वळून, साऱ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात, "समाधान! डिकी उघड."

तो जागचा हलला नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासारखा तो आधी खाली बघत होता. मग त्याने वर बघितलं, श्रीधर सरांकडे नाही, आईकडे. त्या टेबलाशी ताठ उभ्या होत्या, समोर पंच्यावर त्यांचा सगळा संसार उघडा मांडलेला.

"उघडतोस, का मी कुलूपवाला बोलवू?"

समाधानने खिशातून किल्ली काढली. डिकी उघडली. काळा डबा दोन्ही हातांत धरून तो आणला आणि पंच्यावर ठेवला. "हा आमचाच आहे," तो म्हणाला. "मी लपवला होता. आईने नाही."

आईंनी डबा उघडला. गर्दी दोन पावलं मागे सरली.

"हे पिस्तूल," त्या त्याच चालीत म्हणाल्या. "नळीतून ही लाल दोरी आरपार गेलेली दिसते ना? ती असली की आत काही नाही, हे लांबूनही कळतं. हवेवर चालतं. परवाना लागत नाही, पावती घरी आहे. घरात मी छर्रा कधीच भरत नाही. प्रेमलाताई, त्या दिवशी तुम्ही घाबरलात, ते मला मान्य आहे. दार लावून सराव करायला हवा होता, ती माझी चूक. मी ती मानते. पण बॅग लपवून चोरासारखी फाटकाबाहेर जाणार नाही. आज नाही आणि पुढच्या रविवारीही नाही."

"ओव्हाळबाई, या वयात हे कशासाठी?" श्रीधर सर म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच प्रश्न होता.

"सर, तुम्ही इतकी वर्षं मुलांचे पेपर तपासलेत. कधी वाटलं नाही, एकदा आपणच पेपर लिहावा?"

आईंनी पिस्तूल त्यांच्यापुढे केलं. "धरून बघा. एका हाताने, सरळ समोर, त्या भिंतीकडे. किलोभराचं आहे."

का कोण जाणे, त्यांनी ते घेतलं. पेपर काखेत धरून हात लांब केला. पंधरा मोजेपर्यंत मनगट थरथरायला लागलं, विसाला हात खाली आला. सोनबा खुदकन हसला आणि लगेच खोकला.

"मी दीड मिनिट धरते," आई म्हणाल्या, आणि पिस्तूल परत घेतलं.

मग त्यांनी बॅग भरली. तितक्याच सावकाश, प्रत्येक वस्तू पुन्हा बघून. मागे दोन गाड्यांचे हॉर्न वाजत होते. चेन ओढून झाल्यावर त्यांनी सोनबाचं रजिस्टर पुढे ओढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: शालन कचरू ओव्हाळ. कुठे: नेमबाजीचा सराव, खडकी. सोबत: पिस्तूल.

पुढे सोसायटीत काय झालं ते इथेच सांगून टाकते. कमिटीने पत्र पाठवलं की यापुढे अर्ज करून परवानगी घ्यावी. आईंनी उत्तर दिलं, "अर्ज करणार नाही. माहिती दिलेली आहे." त्यावर कुणी काही केलं नाही, कारण करण्यासारखं काही नव्हतं. प्रेमलाताई वर्षभर आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्या वर्षात आमच्या तीन वाट्या त्यांच्याकडेच राहिल्या. कुणी आईंना 'फुलनबाई' म्हणायचं, कुणी त्याहून वाईट काही, लिफ्टचं दार बंद झाल्यावर. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही.

त्या सकाळी समाधान म्हणाला होता, "चल, मी गाडीने सोडतो." आई म्हणाल्या, "नको. तू आधी घरी जाऊन चहा पी." त्या आणि मी रिक्षाने निघालो. नगर रोडला लागल्यावर मी म्हटलं, "आई, मला काल रात्रीच माहीत होतं. डब्याचं."

"माहीत होतं ते मला माहीत होतं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "माल खोटा आहे हे दिसत असताना पुढे जाऊ द्यायचा नसतो, निकिता. एवढं लक्षात ठेव." बस्स, इतकंच. येरवडा आल्यावर त्यांनी मला विचारलं की मी काही खाल्लं आहे का.

रेंजवर उशीर झाला होता. पोरं निम्मा सराव संपवून बसली होती. मी पहिल्यांदाच आत गेले. ट्यूबलाइटचा लांबट हॉल, जमिनीवर पिवळी रेघ, पलीकडे कागदांची रांग. आईंनी साडीचा पदर खोचला, बूट चढवले, चष्मा लावला. पहिले दहा छर्रे वाईट गेले. दोन तर कागदाच्या पांढऱ्या भागात. इम्तियाज सरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि दाढी खाजवली.

"बाई, आज हातात दुसरंच काही घेऊन आलात."

"हो," आई म्हणाल्या. "उतरेल थोड्या वेळात."

"आज राहू द्या हवं तर. पुढच्या रविवारी."

"सर, आजचा रविवार मला फुकट मिळालेला नाही."

सर खुर्ची मागे ओढून बसले. आईंनी पिस्तूल बाकावर ठेवलं, हात सैल सोडले, डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग पुन्हा सुरुवात. तरफ, छर्रा, हात वर, हात सावकाश खाली, श्वास, चाप. एकेका छर्र्याला मिनिटभर. हळूहळू भोकं काळ्या गोलात शिरायला लागली. एक अगदी मधोमध लागलं तेव्हा मीच टाळी वाजवली आणि सगळ्या पोरांनी माझ्याकडे वळून बघितलं. आईंनी नाही.

साडेदहाच्या सुमारास दार वाजलं. समाधान होता. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जसा ऑफिसला जातो तसा. तो आजवर कधी इथे आला नव्हता. पिवळ्या रेघेच्या मागेच थांबून त्याने इम्तियाज सरांना नमस्कार केला.

"मी शालन ओव्हाळांचा मुलगा."

"बसा," सर म्हणाले. "आणि बोलू नका."

तो माझ्या शेजारी बसला. आईचा हात वर गेला, खाली आला, थांबला. समाधान बघत राहिला. त्याने आईला रांधताना बघितलं होतं, कारखान्याच्या निळ्या कोटात सायकलवर जाताना बघितलं होतं, वडिलांच्या उशाशी बसलेलं बघितलं होतं. असं कधी बघितलं नव्हतं. छर्रा सुटला. कागदावर टिचकीसारखा आवाज झाला.

"आई," तो न राहवून हळूच म्हणाला, "बाहेर चहा घेऊया?"

त्यांनी वळून बघितलं नाही. डबी उघडली, एक छर्रा चिमटीत फिरवून बघितला.

"अजून पाच राहिलेत," त्या म्हणाल्या. "थांब."